बालक, कुटुंब आणि कायदा : प्राध्यापिका लोतिका सरकार यांच्या कार्याचा मागोवा

आपल्या शिक्षकाच्या कार्याचा गौरव करण्यासाठी विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकत्र येऊन लेखसंग्रह सिद्ध करावा, ही विद्यापीठांमधील जुनी प्रथा आहे. मराठी वाचकांना असे गौरवग्रंथ परिचित आहेत. साहित्य, इतिहास, संस्कृत अशा विषयांच्या अध्यापकांच्या वाट्याला हा मान वारंवार येतो. कायद्याच्या अध्यापकांच्या वाट्याला तो त्या मानाने कमी येतो आणि महिला अध्यापकांच्या वाट्याला तर क्वचितच. १९९९ साली अमिता धांडा आणि अर्चना पाराशर या दोन विधिज्ञ महिलांनी संपादित केलेला ‘एन्जेंडरिंग लॉ’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. तो दिल्ली विद्यापीठाच्या विधी शाखेतील प्राध्यापिका लोतिका सरकार यांच्या सन्मानार्थ काढण्यात आला होता. कायद्याकडे स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते, हा या ग्रंथाचा विषय. भारतातील विधी शिक्षणात हा प्रश्न आज सर्रास विचारला जातो. सरकार अध्यापनाच्या क्षेत्रात आल्या तेव्हा मात्र तो अभ्यासक्रमात कोठेही नव्हता.

४ जानेवारी १९२३ रोजी जन्मलेल्या लोतिका सरकार यांनी १९५१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची कायद्यातील डॉक्टरेट मिळवली. तेथे हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. मायदेशी परतल्यावर त्या दिल्ली विद्यापीठाच्या विधी शाखेत दाखल झाल्या. या शाखेतील त्या पहिल्या महिला अध्यापक होत. फौजदारी कायदा हा त्यांच्या अध्यापनाचा मुख्य विषय होता. कौटुंबिक कायद्याकडे त्या वळल्या त्या पाठ्यपुस्तकांच्या वाटेने नव्हे, तर एका सरकारी समितीच्या कामामुळे. त्यांच्या आयुष्याची दिशा बदलणारी घटना म्हणून या समितीचाच उल्लेख करावा लागेल.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९७५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळण्याचे ठरवले होते. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, केंद्र सरकारने भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा या समितीच्या अध्यक्ष होत्या. पुढे वीणा मजुमदार सदस्य सचिव म्हणून रुजू झाल्या. कायद्याची बाजू प्रामुख्याने लोतिका सरकार यांच्याकडे होती. समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला. ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’, म्हणजेच ‘समानतेकडे’, या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या पन्नाशीच्या निमित्ताने अलीकडे त्याचे नव्याने वाचन होत आहे.

अहवालाने सरकारला आणि खुद्द सदस्यांनाही धक्का दिला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १९०१ मध्ये ९७२ होते, ते १९७१ च्या जनगणनेत ९३० पर्यंत घसरले होते. राज्यघटनेने समतेची हमी दिल्यानंतर दोन दशकांनीही हे आकडे सुधारले नव्हते, उलट बिघडले होते. कायदे करून झाले, आता समाज आपोआप बदलेल, अशी स्वातंत्र्योत्तर सुशिक्षित वर्गाची धारणा होती. समितीच्या दौऱ्यांमध्ये सदस्यांना जे पाहावयास मिळाले, त्याने ही धारणा मोडीत निघाली. अहवालातील कायदेविषयक प्रकरण याच दृष्टीने वाचले पाहिजे. १९५५ आणि १९५६ च्या हिंदू कायद्यांचे कौतुक करण्यात ते वेळ दवडत नाही. विवाह, घटस्फोट, दत्तक, पालकत्व, पोटगी आणि वारसा यांपैकी प्रत्येक बाबतीत कोणत्या धर्माच्या स्त्रीला काय मिळते, काय मिळत नाही, आणि मिळते असे कागदावर म्हटले असले तरी न्यायालयात ते कोठे अडते, याचा तो रोखठोक हिशेब आहे.

बालविवाहाचा प्रश्न यांपैकी सर्वांत जुना. हरविलास सारडा यांच्या प्रयत्नांतून १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला तेव्हा मुलीसाठी विवाहाचे किमान वय १४ आणि मुलासाठी १८ ठरवण्यात आले होते. १९४९ मध्ये मुलीचे वय १५ करण्यात आले. मात्र या कायद्यात एक मोठी उणीव होती. बालविवाह लावून देणाऱ्याला शिक्षा होऊ शकत होती, पण विवाह वैध राहत होता. आणि गुन्हा दखलपात्र नसल्यामुळे पोलिसांना स्वतःहून काही करता येत नव्हते. ज्याने तक्रार करावयाची तो बाप, काका किंवा भाऊच बहुधा लग्न ठरवणारा असे. समितीने गुन्हा दखलपात्र करावा आणि अंमलबजावणीसाठी विशेष अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. लहानपणी लग्न झालेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर तो विवाह नाकारण्याचा अधिकार असावा आणि तो सर्व समाजांतील मुलींना मिळावा, असेही समितीने म्हटले.

या शिफारशींचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. पंधरा वर्षांच्या आत विवाह झालेल्या मुलीला अठरा वर्षांची होण्यापूर्वी तो विवाह नाकारून घटस्फोट मागता येईल, मग पती-पत्नी म्हणून संबंध आलेले असोत वा नसोत, अशी तरतूद त्यात आली. परस्पर संमतीने घटस्फोटाची सोयही याच दुरुस्तीने झाली. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी १८८० च्या दशकात मुंबईच्या न्यायालयात जे मागितले होते, त्याला हिंदू विवाह कायद्यात जागा मिळण्यास सुमारे नव्वद वर्षे लागली. तीही अपुरी जागा, कारण तीन वर्षांची ही मुदत ज्या वयात असते त्या वयात मुलीला वकील, पैसा आणि निवारा यांपैकी काहीच हाताशी नसते.

१९७८ मध्ये विवाहाचे वय मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ झाले. गुन्हा दखलपात्र करण्याची शिफारस मात्र अर्धवट स्वीकारण्यात आली: पोलिसांना तपास करता येईल, पण वॉरंटशिवाय अटक करता येणार नाही. प्रतिबंध अधिकारी नेमण्याची तरतूद येण्यास २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा उजाडावा लागला. या कायद्याने गुन्हा पूर्णतः दखलपात्र केला आणि बालपणी झालेला विवाह सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत रद्द करून घेण्याचा अधिकार मुलगा आणि मुलगी दोघांनाही दिला. तरीही काही अपवाद वगळता असा विवाह आपोआप रद्दबातल ठरत नाही. १५ ते १८ वयाच्या पत्नीशी पतीने ठेवलेले शरीरसंबंध बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारी तरतूद तर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दिलेल्या निकालापर्यंत टिकून होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही वयोमर्यादा १८ करण्यात आली आहे. १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बालविवाह रोखण्यासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रतिबंध अधिकाऱ्यांनी हे काम प्रत्यक्षात कसे करावे, यावर त्यांत मोठा भर आहे. हा प्रश्न ‘समानतेकडे’च्या पानांवर पन्नास वर्षांपूर्वीच आलेला होता.

पोटगीच्या बाबतीतही अशीच दिरंगाई झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पत्नी, मुले आणि आईवडील यांच्यासाठी दरमहा कमाल ५०० रुपयांची मर्यादा होती. ती काढून टाकावी असे समितीचे म्हणणे होते. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ही मर्यादा १५०० रुपये केली आणि केंद्राने २००१ मध्ये ती रद्द केली. विवाहनोंदणी सक्तीची करावी या शिफारशीला सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाने बळ मिळाले. विवाहित हिंदू स्त्रीला स्वतःच्या अधिकारात दत्तक घेण्याची मुभा २०१० च्या दुरुस्तीने मिळाली. मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत जन्मतः हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला. देशभर तो २००५ मध्ये लागू झाला.

कौटुंबिक न्यायालये ही समितीची आणखी एक महत्त्वाची शिफारस. विवाह, मुलांचा ताबा आणि पोटगी यांचे तंटे जमिनीच्या किंवा पैशाच्या दाव्यांसारखे हाताळले जाऊ नयेत, त्यासाठी वेगळी कार्यपद्धती आणि समुपदेशनाची सोय असावी, हा यामागील विचार होता. विधी आयोगानेही त्याच काळात ही गरज मांडली होती. १९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालय कायदा झाला आणि १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. या न्यायालयांचा अनुभव संमिश्र आहे. समुपदेशनाच्या नावाखाली स्त्रीवर ‘संसार टिकवण्याचे’ दडपण येते, अशी टीका महिला संघटनांनी सातत्याने केली आहे, आणि ती सहज बाजूला सारण्यासारखी नाही.

समितीच्या कामात सरकार यांच्या स्वभावाची ओळख पटवणारा एक प्रसंग घडला. विधिमंडळांमध्ये स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात का, या प्रश्नावर समितीच्या बहुमताने नकार दिला. सरकार आणि वीणा मजुमदार यांनी या निर्णयाला भिन्नमतपत्रिका जोडली. दोघीही उच्चशिक्षित आणि स्वतःच्या गुणवत्तेवर पुढे आलेल्या होत्या. अशा स्त्रियांना त्या काळी आरक्षणाची कल्पना सहसा रुचत नसे. परंतु समान संधी केवळ घोषित करून असमान समाजात समानता येत नाही, असे त्यांचे मत अभ्यासातून बनले होते आणि ते नोंदवण्यास त्या कचरल्या नाहीत. पंचायती व नगरपालिकांमध्ये स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव ठेवणाऱ्या घटनादुरुस्त्या १९९२ मध्ये संमत झाल्या. लोकसभा व विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली.

१९८० मध्ये दिल्लीत महिला विकास अध्ययन केंद्राची स्थापना झाली. त्याच्या संस्थापकांमध्ये मजुमदार यांच्याबरोबर सरकारही होत्या. विधी आयोगाने स्त्रियांच्या समानतेबाबत काय केले आणि काय केले नाही, याची छाननी करणारे त्यांचे पुस्तक १९८८ मध्ये याच केंद्रातर्फे निघाले.

चंद्रपूरहून दिल्लीपर्यंत

महाराष्ट्रातील वाचकांना सरकार यांचे नाव ठाऊक असलेच, तर ते बहुधा एका पत्रामुळे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलीस कर्मचाऱ्यांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. ही मुलगी अनाथ होती आणि भावाच्या आधाराने राहत होती. आपली अज्ञान बहीण पळवून नेण्यात आली आहे, ही भावाची तक्रार होती आणि त्या तक्रारीसंदर्भातच ती ठाण्यात आली होती. वैद्यकीय तपासणीत तिचे वय १४ ते १६ वर्षे असल्याचे आढळले. म्हणजे ज्या संरक्षणासाठी कुटुंबाने कायद्याकडे धाव घेतली, तेच तेथे नाकारले गेले.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निर्णय फिरवून दोघांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात त्यांची पुन्हा मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याची खूण नव्हती, हे या निकालाचे एक प्रमुख कारण होते.

निकाल विधी नियतकालिकात छापला गेला आणि एरवी तो तेथेच राहिला असता. एक वर्षानंतर, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, चार विधिज्ञांनी भारताच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार हे ते चौघे. न्यायालयाचा अवमान होईल या भीतीने सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर जाहीर टीका करण्याचे धाडस त्या काळी फारसे कोणी करीत नसे. पत्राचा कायदेशीर मुद्दा सरळ होता. संमतीमध्ये शरण जाणे असू शकते. पण शरण जाणे म्हणजे संमती नव्हे. रात्रीच्या वेळी, दार लावलेल्या पोलीस ठाण्यात, एका गरीब आदिवासी मुलीने किती प्रतिकार करावा अशी न्यायालयाची अपेक्षा आहे, असा प्रश्न या युक्तिवादाच्या मुळाशी होता.

पत्राच्या प्रती ठिकठिकाणी पोहोचल्या. १९८० च्या ८ मार्चला अनेक शहरांत निदर्शने झाली. मुंबईत या प्रकरणातूनच बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. पुनर्विलोकनाची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. मात्र विधी आयोगाने १९८० मध्ये यावर अहवाल दिला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असा नियम पुराव्याच्या कायद्यात आला. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई झाली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत कायद्यात लिहिले गेले ते २०१३ च्या दुरुस्तीने, म्हणजे पत्रानंतर ३४ वर्षांनी. ही दुरुस्ती त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अधिनियमाच्या रूपात आली. सरकार यांचे २३ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी निधन झाले होते.

आग्र्यातील प्रकरण याहून कमी गाजले, पण बालक आणि स्त्रियांच्या संस्थात्मक निवाऱ्याच्या दृष्टीने ते तितकेच मोलाचे आहे. अनैतिक व्यापारातून सोडवलेल्या मुली व स्त्रियांसाठी आग्र्यात सरकारी संरक्षणगृह होते. तेथील अमानवी परिस्थितीच्या बातम्या वृत्तपत्रात वाचून बक्षी आणि सरकार यांनी १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवले. न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतले. जनहित याचिकेचे ते सुरुवातीचे दिवस होते. संरक्षण देण्याच्या नावाखाली कोणाला कोंडून ठेवता येत नाही, तेथेही प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क कायम राहतो, ही भूमिका न्यायालयाने घेतली आणि जिल्हा न्यायाधीशांना संरक्षणगृहाची नियमित पाहणी करून अहवाल देण्यास सांगितले. हे प्रकरण वर्षानुवर्षे चालले. १९९७ मध्ये देखरेखीचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवण्यात आले. निवाड्यांच्या खंडांत हा खटला ‘डॉ. उपेंद्र बक्षी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या नावाने नोंदलेला आहे. सहअर्जदार असलेल्या सरकार यांचे नाव शीर्षकात येत नाही.

उतारवयात, पती आणि पत्रकार चंचल सरकार यांच्या निधनानंतर, त्यांना दिल्लीतील स्वतःच्याच घरासाठी कायद्याचा आधार घ्यावा लागला. मित्र, सहकारी आणि माजी विद्यार्थी त्या वेळी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांना आपले घर परत मिळाले. एकाकी वृद्धांच्या मालमत्तेचा प्रश्न या प्रकरणामुळे वृत्तपत्रांतून चर्चेत आला.

पालकत्वाचा अपुरा राहिलेला मुद्दा

‘समानतेकडे’मधील कौटुंबिक कायद्याच्या शिफारशींपैकी बऱ्याचशा, उशिरा का होईना, कायद्याच्या पुस्तकात आल्या. पालकत्वाची मात्र आलेली नाही. मूल कोणाकडे असावे, हे आईचा की बापाचा हक्क आधी यावरून न ठरवता केवळ मुलाच्या हितावरून ठरवावे, असे समितीने सुचवले होते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमानुसार वैध विवाहातून जन्मलेल्या मुलाचा नैसर्गिक पालक वडील असतो आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असे हेच कलम सांगते. पण ताबा आणि पालकत्व या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल आईजवळ वाढते, त्याच्या शाळेची आणि आजारपणाची काळजी तीच घेते. आणि मुलाच्या नावे गुंतवणूक करावयाची किंवा मालमत्तेचा व्यवहार करावयाचा झाला की सही वडिलांची मागितली जाते.

नेमक्या अशाच अडचणीतून लेखिका गीता हरिहरन यांचा खटला उद्भवला. अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी केलेल्या अर्जावर आईची सही बँकेने पुरेशी मानली नाही. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ या शब्दांचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा न लावता ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा लावला. वडील दूर असतील, मुलाकडे लक्ष देत नसतील किंवा दोघांत तसे ठरले असेल, तर आईही त्यांच्या हयातीत नैसर्गिक पालक ठरते, असा हा निकाल आहे. न्यायालयाने कलम रद्द केले नाही, त्याचा अर्थ सैल केला. त्यामुळे आईला पालक होता येते, पण वडील ‘अनुपस्थित’ असल्याचे दाखवून. दोघेही एका घरात राहून मुलाचे संगोपन करीत असतील, तर पहिला मान अजूनही वडिलांकडेच राहतो. अविवाहित मातेला मुलाच्या वडिलांना नोटीस न देता पालकत्व मागता येईल, असे न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले.

विधी आयोगाने १९८९ मध्ये आपल्या १३३ व्या अहवालात हा भेद दूर करण्यास सांगितले होते. मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात आयोगाने पुन्हा तीच मागणी केली: आई आणि वडील या दोघांनाही एकाच वेळी, समान दर्जाचे नैसर्गिक पालक मानावे. २०१० मध्ये पालक व पाल्य कायद्यात आईचा उल्लेख जोडणारी छोटी दुरुस्ती झाली. १९५६ च्या कायद्यातील सहाव्या कलमात ‘वडील, आणि त्याच्यानंतर आई’ ही शब्दरचना मात्र अद्याप कायम आहे.